बाद फेरीचे नेमी

महाराष्ट्रात ज्या दिवशी गणपतींचे विसर्जन होते, त्याच दिवशी, म्हणजे अनंत चतुर्दशीला, काशीसमोर गंगेच्या पैलतीरावर रामनगरच्या रामलीलेला आरंभ होतो. काशीनरेशांच्या आश्रयाने वाढलेली ही लीला ३१ दिवस चालते. तिला एक असा रंगमंच नाही. अयोध्या एका ठिकाणी, जनकपूर दुसऱ्या ठिकाणी, पंचवटी तिसऱ्याच ठिकाणी आणि लंका गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानात. प्रसंग बदलला की प्रेक्षकांनी उठावे आणि रामलक्ष्मणांच्या मागोमाग चालू लागावे. नाशिकच्या माणसाला गंगेकाठची ही पंचवटी पाहून अंमळ मौज वाटेल. पण रामनगरकरांना तिच्या खरेपणाविषयी तिळमात्र शंका नसते. ध्वनिक्षेपक नाही, विजेच्या दिव्यांचा झगमगाट नाही. मशाली आणि गॅसबत्त्या यांच्या उजेडात सारे चालते.

या गर्दीत काही माणसे अशी असतात की ती एकही दिवस चुकवीत नाहीत. तिसऱ्या प्रहरी गंगेत स्नान करावे, स्वच्छ धोतर नेसावे, कपाळी टिळा, कानात अत्तराचा फाया, हाती तुलसीदासांच्या मानसची लहानशी पोथी, आणि नावेत बसून पैलतीर गाठावा. रामायणी गाऊ लागले की यांनी आपल्या पोथीत तीच ओळ शोधावी आणि मंद उजेडात तिच्यावर बोट ठेवून पुढे जावे. त्यांना काशीत 'नेमी' म्हणतात. ज्याने नेम धरला तो नेमी. पाऊस आला, चिखल झाला, पाय दुखले, तरी त्याचा नेम मोडत नाही. राज्याभिषेक होईल हे त्याला ठाऊक असते. रावणाने कितीही गर्जना केली तरी विजयादशमीला तो पडणार याविषयी त्याला चिंता नसते. तरीही तो रोज जातो. किंबहुना ठाऊक आहे म्हणूनच जातो.

याच नगरीच्या दुसऱ्या टोकाला, भोजूबीर या भागात, नेमींचा आणखी एक छोटासा पंथ नांदतो. या पंथाला मात्र कथेचा शेवट ठाऊक नसतो. आणि ठाऊक असलाच तर तो बहुधा पराभवाचा असतो. हा पंथ आहे बास्केटबॉलच्या पाठीराख्यांचा.

भोजूबीरला उदय प्रताप कॉलेज आहे. भिनगाचे राजे उदय प्रताप सिंह यांनी १९०९ मध्ये स्थापिलेल्या शाळेतून ही संस्था वाढली. काशीत तिला सारेजण नुसते 'यू. पी. कॉलेज' म्हणतात. विस्तीर्ण आवार, झाडी, आणि खेळाची मैदाने. टोकियो ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळविणाऱ्या भारतीय हॉकी संघातील ललित उपाध्याय याच मैदानावर घडले. काशी म्हटले की घाट, पंडित, शहनाई आणि साडी एवढेच ज्यांच्या डोळ्यांपुढे येते, त्यांनी एकदा संध्याकाळी या आवारात फेरी मारावी. कुस्तीचे आखाडे तर काशीत जुनेच. पण त्या मातीपासून थोड्या अंतरावर १० फूट उंचीवरच्या कड्यात चेंडू टाकण्याचा खेळही येथे रुजला आणि असा रुजला की भारताच्या संघाला खेळाडू पुरवू लागला. भारताच्या पुरुष संघाचे कर्णधारपद भूषविलेले विशेष भृगुवंशी याच नगरीचे. २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियातील ॲडलेडच्या व्यावसायिक संघाने त्यांना करारबद्ध केले.

हा खेळ मुळात परदेशी. १८९१ च्या डिसेंबरात अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने थंडीमुळे कोंडून पडलेल्या विद्यार्थ्यांसाठी सज्जाला पीचच्या टोपल्या टांगून तो काढला. वाय. एम. सी. ए. या संस्थेबरोबर तो भारतात आला आणि पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९३४ मध्ये दिल्लीस झाली. मराठी मुलुखाला तो परका नाही. मुंबईत नागपाड्याच्या मस्तान वाय. एम. सी. ए.च्या मैदानाने कितीतरी नामवंत खेळाडू दिले. पुण्याच्या शिरीन लिमये यांनी भारतीय महिला संघाचे नेतृत्व केले. परंतु एका घराने या खेळाला जे दिले, त्याला तोड शोधायची तर काशीलाच जावे लागते.

यू. पी. कॉलेजच्या शेजारी राहणाऱ्या एका कुटुंबातील थोरली मुलगी, प्रियांका, त्या मैदानावर खेळावयास जाऊ लागली. धाकट्या बहिणी आधी नुसत्या पाहावयास गेल्या. पाहता पाहता दिव्या खेळू लागली, मग प्रशांती, मग आकांक्षा, आणि शेंडेफळ प्रतिमा. प्रियांका पुढे प्रशिक्षक झाल्या आणि उरलेल्या चौघीही भारतातर्फे खेळल्या. दिव्या यांनी भारतीय संघाचे कर्णधारपद सांभाळले. प्रशांती २००६ च्या मेलबोर्न येथील राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेत आणि २०१० व २०१४ च्या आशियाई स्पर्धांत खेळल्या. त्यांना २०१७ मध्ये अर्जुन पुरस्कार आणि २०१९ मध्ये पद्मश्री मिळाली. 'सिंह भगिनी' हे नाव भारतीय बास्केटबॉलमध्ये एखाद्या घराण्याच्या नावासारखे झाले आहे. काशीत संगीताची घराणी असतात, तसे हे एक खेळाचे घराणे.

या हकिकतीतील पदके बाजूला ठेवली तरी एक गोष्ट ध्यानात राहते. त्या घरात प्रत्येक खेळाडू ही आधी पाठीराखी होती. धाकटीने थोरलीचे सामने पाहिले, तिच्या चुकलेल्या चेंडूवर हळहळ केली, ती हरून आली त्या रात्रीची शांतता अनुभवली, आणि मग स्वतः चेंडू हाती घेतला. पाठीराखेपण ही खेळाबाहेरची गोष्ट आहे असे आपण धरून चालतो. मुलींच्या खेळात तरी ते तसे नाही. मैदानाच्या कडेला कोणी तरी आपले माणूस उभे आहे, या एका आधारावर अठरा वर्षांची मुलगी खेळात टिकते किंवा तो नसल्यामुळे खेळ सोडते. मुलांच्या सामन्याला वाटेने जाणारा माणूसही घटकाभर थांबतो. मुलींच्या सामन्याला थांबणारा माणूस मुद्दाम थांबलेला असतो, आणि म्हणून त्याची किंमत अधिक.

विद्यापीठांच्या स्पर्धांत या पाठीराख्यांची खरी कसोटी लागते. देशातील विद्यापीठांच्या मंडळाची स्थापना १९२५ ची. भारतीय विद्यापीठ संघ हे नाव त्याला पुढे मिळाले. त्याच्या व्यवस्थेत देशाचे चार विभाग पाडलेले आहेत. काशीतील विद्यापीठे पूर्व विभागात मोडतात, महाराष्ट्रातील पश्चिम विभागात. आधी कॉलेजाकॉलेजांतून विद्यापीठाचा संघ निवडला जातो. मग विभागीय स्पर्धा. तीत पहिल्या चारांत आलेले संघ आंतरविभागीय, म्हणजेच अखिल भारतीय स्पर्धेला जातात. चार चोक सोळा. आणि या सोळांत दक्षिणेतील विद्यापीठांचा दबदबा मोठा. तमिळनाडू, केरळ, कर्नाटक या प्रांतांतील मुलामुलींच्या हाती चेंडू फार लवकर येतो.

स्पर्धेचे ठिकाण दरवर्षी बदलते. यजमान विद्यापीठ कधी ओडिशात, कधी बंगालमध्ये, तर कधी थेट चेन्नईस. काशीहून चेन्नई म्हणजे दीड-दोन दिवसांचा रेल्वेप्रवास. बारा खेळाडू, एक प्रशिक्षक, एक व्यवस्थापक, चेंडूंची जाळी, आणि घरून बांधून दिलेल्या पुऱ्या व लोणचे. त्यांच्याबरोबर पाठीराख्यांनी जावे तर रजा कोण देणार आणि भाडे कोण भरणार? म्हणून कॉलेजच्या संघाचा पाठीराखा बहुधा मागेच राहतो. त्याला सामना दिसत नाही. त्याला सामन्याची वाट पाहता येते. एके काळी हा निकाल तारेने येई किंवा वृत्तपत्राच्या आतल्या पानावर दोन ओळींत, तोही दुसऱ्या दिवशी. आता खिशातल्या दूरध्वनीवर तो क्षणात येतो. परंतु वाट पाहण्याचे दुःख त्याने कमी झाले आहे असे दिसत नाही. पूर्वी ते रात्रभर एकसंध असे, आता त्याचे मिनिटामिनिटाला तुकडे पडतात, एवढेच.

बास्केटबॉल हा खेळ वाट पाहणाऱ्याला फार छळतो. दहा दहा मिनिटांचे चार डाव, आणि प्रत्येक चढाईला २४ सेकंदांची मुदत. क्रिकेटसारखी यात उसंत नाही, हॉकीसारखी एखाद्या गोलावर बेतलेली शांतताही नाही. गुणफलक सतत हलत असतो. आठ गुणांची आघाडी दोन मिनिटांत वितळते. पाठीराखा जेव्हा 'आपण पाचाने पुढे' असे वाचतो, तेव्हा तिकडे ते खरे राहिलेले असेलच असे नाही. काशीत चहाच्या ज्या अड्ड्याला 'अडी' म्हणतात, तेथे मातीच्या पुरव्यातला चहा समोर ठेवून चाललेली राजकारणाची चर्चा अशा वेळी मध्येच थांबते. कोणी तरी आकडा वाचतो. कोणी म्हणतो, "अजून डाव बाकी आहे." आणि त्या एका वाक्यावर दहा माणसे आणखी दहा मिनिटे बसून राहतात.

आरंभीचे काही सामने साखळी पद्धतीने होतात. तेथे एखादी हार सोसता येते. पुढे बाद पद्धती सुरू झाली की ती सवलत संपते. हरला तो घरी. मराठी माणसाने कबड्डीच्या आणि खो-खोच्या मंडपांत हा थरार पुष्कळ अनुभवलेला आहे. पण तेथे हरलेला संघ पुढच्या महिन्यात दुसऱ्या गावच्या चषकासाठी पुन्हा उतरतो. कॉलेजच्या संघाला पुढचा महिना नसतो. तृतीय वर्षाच्या विद्यार्थिनीला तर पुढचे वर्षही नसते. शेवटची शिट्टी वाजते तेव्हा एक सामना संपतो आणि बारांपैकी तीन-चार जणींचे त्या रंगाच्या सदऱ्यातले आयुष्यही संपते. मोठ्या क्लबांच्या किंवा देशाच्या संघाच्या पाठीराख्याला ही जाणीव फारशी नसते. कॉलेजच्या पाठीराख्याला ती पहिल्या सामन्यापासून असते.

अमेरिकेत या अवस्थेचा राष्ट्रीय उत्सव झाला आहे. तेथे विद्यापीठांच्या पुरुष संघांची बाद स्पर्धा १९३९ मध्ये आठ संघांनिशी सुरू झाली. महिलांची १९८२ मध्ये. २०११ पासून पुरुषांच्या स्पर्धेत ६८ संघ आले. मार्च महिना उजाडला की कचेऱ्यांतून, शाळांतून, न्हाव्याच्या दुकानातून लोक कागदावर जोड्या मांडून कोण कोणाला हरवील याचे भाकीत लिहितात. गणित साधे आहे. बाद पद्धतीत ६८ संघांतून एक विजेता काढावयाचा तर ६७ सामने व्हावे लागतात, आणि ६७ संघांना पराभव पत्करूनच परतावे लागते. म्हणजे त्या महिन्यात उभा देश आनंदाने नाचत आहे असे दुरून वाटले, तरी जवळून पाहता बहुतेक घरांत कोणी ना कोणी सुतकात असते.

या उत्सवाशी काशीचा एक धागा जुळलेला आहे. दिव्या सिंह २००८ ते २०१० या काळात अमेरिकेतील डेलावेअर विद्यापीठात क्रीडाव्यवस्थापन शिकत होत्या आणि तेथील महिला संघाच्या प्रशिक्षकवर्गाला साहाय्य करीत होत्या. डेलावेअर हे आकाराने चिमुकले राज्य. त्याच सुमारास एलेना डेले डॉन ही खेळाडू त्या संघात आली. देशातील सर्वांत बलाढ्य समजल्या जाणाऱ्या कनेक्टिकटच्या संघात तिला मानाने बोलावले होते. ती तेथे दोन दिवस राहून परत आली. तिची थोरली बहीण जन्मापासून पाहू वा ऐकू शकत नव्हती. तिला दूरध्वनीवर भेटणे शक्य नव्हते. स्पर्श आणि गंध यांवाचून तिला बहीण ओळखता येत नव्हती. म्हणून एलेनाने घराजवळचे, नाव नसलेले विद्यापीठ पत्करले. २०१३ मध्ये त्याच संघाने राष्ट्रीय स्पर्धेतील पहिले दोन सामने आपल्या गावच्या सभागृहात, आपल्या माणसांसमोर जिंकले आणि शेवटच्या सोळांत स्थान मिळविले. पुढे केंटकीने त्यांना हरविले. भोजूबीरच्या बहिणींची गोष्ट ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ही दुसऱ्या बहिणींची गोष्ट फारशी परकी वाटणार नाही.

आणि नेमी म्हणावा तर शिकागोच्या लोयोला विद्यापीठातील सिस्टर जीन यांना. १९१९ मध्ये जन्मलेल्या या संन्यासिनी त्या विद्यापीठाच्या पुरुष संघाच्या धर्मगुरू होत्या. सामन्यापूर्वी संघासह प्रार्थना करावयाची आणि सामन्यानंतर कोणाचे काय चुकले हे प्रत्येकाला लिहून कळवावयाचे, असा त्यांचा नेम. आपले काही तीर्थोपाध्येही यजमानाच्या जमाखर्चावर अशीच बारीक नजर ठेवतात, पण तो विषय वेगळा. २०१८ मध्ये लोयोलाचा संघ ३३ वर्षांनी या स्पर्धेत आला. त्याच्याकडून कोणाचीच काही अपेक्षा नव्हती. मायामीला त्याने शेवटच्या क्षणी टाकलेल्या चेंडूवर ६४-६२ असे हरविले, टेनेसीला एका गुणाने, नेवाडालाही एकाच गुणाने. ९८ वर्षांच्या सिस्टर जीन, मोडलेल्या कमरेमुळे चाकांच्या खुर्चीत बसून, गळ्यात विद्यापीठाच्या रंगांचा पट्टा घालून, प्रत्येक गावी हजर. गंमत अशी, की स्वतःच्या भाकितपत्रात त्यांनी आपला संघ शेवटच्या सोळांतच हरेल असे लिहिले होते. प्रार्थना विजयाची आणि भाकीत पराभवाचे! यात विसंगती पाहणाऱ्याने कधी कोणाचा पाठीराखा होऊन पाहिलेले नाही. संघ त्यांच्या भाकिताला ओलांडून शेवटच्या चारांत गेला आणि तेथे मिशिगनकडून ५७-६९ असा हरला. सिस्टर जीन यांनी त्यानंतरही आपला नेम सोडला नाही. २०२५ च्या ऑक्टोबरात, वयाच्या १०६ व्या वर्षी त्या निवर्तल्या.

भारतात असा मार्च महिना अजून उगवलेला नाही. २०२३ मध्ये खेलो इंडिया विद्यापीठ क्रीडास्पर्धा उत्तर प्रदेशात झाल्या आणि त्यांचा समारोप काशीतच, हिंदू विद्यापीठाच्या परिसरातील आय. आय. टी.मध्ये झाला. दीप, भाषणे, संगीत, सारे यथासांग पार पडले. अशा समारंभांचे महत्त्व नाकारण्याचे कारण नाही; पैसा आणि लक्ष या दोन्ही गोष्टी खेळाला हव्याच असतात. तथापि समारोपाला जमणारी गर्दी आणि मंगळवारच्या दुपारी कलकत्त्याच्या किंवा भुवनेश्वरच्या एखाद्या सभागृहात, साखळीतील तिसऱ्या सामन्याला बसलेली वीस माणसे, यांत अंतर आहे. ती वीस माणसे कोण असतात? एखादीचा बाप, ज्याने कचेरीत खोटे कारण सांगून रजा काढलेली असते. वसतिगृहातील दोन मैत्रिणी. गेल्या वर्षीची कर्णधार, जी आता नोकरीच्या शोधात आहे आणि तरीही आली आहे. दुसऱ्या संघाच्या हरलेल्या मुली, ज्यांची गाडी रात्रीची आहे. एवढ्यांनी टाळ्या वाजविल्या तरी त्या रिकाम्या सभागृहात घुमतात, आणि प्रत्येक टाळी कोणाची आहे हे मैदानावरच्या मुलीला ओळखू येते. अमेरिकेतील भरगच्च सभागृहात हे सुख नाही.

काशीत मोठा जमाव जमला की त्याच्या तोंडून एकच गर्जना निघते: 'हर हर महादेव'. मराठी कानांना ती रणगर्जना म्हणून परिचित. काशीत मात्र ती नमस्कारासारखी, विजयासाठी तशी निरोपासाठीही चालते. हरून आलेल्या संघाची गाडी फलाटाला लागते, तेव्हा ती ऐकू येतेच असे नाही. बरेचदा फलाटावर तीन-चार माणसेच असतात. सामान उतरविले जाते. धावफलकाविषयी कोणी विचारीत नाही; जेवण झाले का, पायाची सूज उतरली का, असे विचारले जाते.

परीक्षा होतात, उन्हाळा येतो, गंगा आटून घाटाच्या पायऱ्या उघड्या पडतात. जुलैत कॉलेज उघडते आणि यू. पी. कॉलेजच्या मैदानावर नव्या मुली निवडीसाठी उभ्या राहतात. सदऱ्यांचे आकडे तेच असतात, माणसे बदललेली असतात. कुंपणाजवळचा जुना नेमी सायकल टेकवून उभा राहतो. थोडा वेळ नुसताच पाहतो. मग शेजारच्याला हळूच विचारतो, "ती डावखुरी, सात नंबरची, कोणाची हो?"